बंद घर उघडल्यावर गीझर लावला की ईएलसीबी पडते, गॅस गीझरही पेटत नाही. सुरक्षितपणे कसं सुरू करायचं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घर गुहागरच्या बाजूला, मे अखेरपासून बंद, आता गणपतीसाठी उघडलंत. विजेचा गीझर लावला की अख्ख्या घराची ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा मेन बोर्डावरचा स्विच, पडते. मागच्या न्हाणीघरातला गॅस गीझर टकटक करतो, पण पेटत नाही. शेजारी म्हणतात, "ईएलसीबी बायपास करा, पाच-सात दिवसांचा तर प्रश्न आहे." घरात सत्तरी ओलांडलेली आई आणि लहान मुलं.

बायपास अजिबात नको. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल.

मी वायरमन आहे, रत्नागिरी जिल्ह्यातच कामं करतो. श्रावण संपत आला, चाकरमानी घरं उघडायला लागले, की आमचे फोन याच तक्रारीने वाजतात. आणि निम्म्या घरांत शेजाऱ्याने तुमच्या शेजाऱ्यासारखाच सल्ला दिलेला असतो.

ईएलसीबी एकच गोष्ट बघते. फेजवरून जेवढा करंट गेला, तेवढाच न्यूट्रलवरून परत आला का. घरगुती ईएलसीबी साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की पडते. फरक दिसला म्हणजे थोडा करंट भलत्याच वाटेने जमिनीत चाललाय. ती वाट गीझरची टाकी असेल, ओली भिंत असेल किंवा नळाला हात लावून उभा असलेला माणूस असेल. ती काढून तुम्ही गीझर चालवलात तर पाणी तापेल, आणि गळणारा करंटही तसाच गळत राहील.

तीन-चार महिने बंद घरात हे का होतं, ते कळलं तर पुढचं सोपं जाईल. गीझरची कॉइल म्हणजे उघडी तार नसते. धातूच्या नळीत तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते. पण तिला ओल ओढायची खोड आहे. कॉइल रोज तापत असेल तर ओल टिकत नाही. कोकणातल्या पावसात गीझर आषाढ-श्रावण गप्प पडून राहिला, की नळीच्या टोकाच्या सीलमधून दमट हवा आत शिरते आणि पूड वीज अडवेनाशी होते. कॉइल तुटलेली नसते, पाणी तापवतेही, पण करंट टाकीत सोडते. त्यात विहिरीचं किंवा बोअरचं पाणी खारट असेल तर नळीवर क्षार बसून तिला बारीक भोकं पडतात. ती कॉइल मग बदलायचीच.

आता काय करायचं ते. आधी पाणी, मग वीज, हा क्रम मोडायचा नाही. गीझरचा पिनटॉप, म्हणजे प्लग, सॉकेटमधून काढून ठेवा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण सांगतो पुढे. मग गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडा. सुरुवातीला फसफस हवा येईल, मग लालसर, वास मारणारं पाणी. ते वाहून जाऊ द्या. इतके दिवस टाकीत कोमट साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, त्याने कोणी आंघोळ करू नये. स्वच्छ पाण्याची अखंड धार लागली म्हणजे टाकी भरली. गरम नळाला पाणीच येत नसेल तर गीझरखालचा कॉक बंद असेल किंवा जाळीत गाळ असेल. अशा कोरड्या टाकीत वीज सोडली तर चांगली कॉइलही काही मिनिटांत जळते.

पाणी झालं. पायात कोरडी चप्पल, हात कोरडे. पिनटॉप अजून बाहेरच आहे. आता ईएलसीबी वर करा.

पिनटॉप बाहेर असूनही ती पडली, तर दोष गीझरचा नाही. घरातले सगळे एमसीबी, म्हणजे बोर्डावरचे एकेका लाइनचे छोटे स्विच, खाली करा, ईएलसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा. ज्याने ती पडेल त्या लाइनवर शोध. माझ्या अनुभवात संशयित ठरलेले: गेटवरचा दिवा, विहिरीवरच्या पंपाचा बोर्ड, आणि अंगणात आदल्या रात्री सोडलेल्या स्वस्तातल्या माळा. चौथा संशयित म्हणजे पश्चिमेची भिंत. चिऱ्याची भिंत पावसाळाभर झड खाते, ओल आतल्या पाइपातून बोर्डापर्यंत येते. बोर्डाचं झाकण काढलं की स्क्रूवर हिरवा थर आणि आत मुंग्यांनी आणलेली माती, हे चित्र मी दर वर्षी बघतो. झाकण तुम्ही काढू नका. बोर्डाच्या भोवती भिंत हाताला गार आणि ओलसर लागत असेल तर तेवढं वायरमनला सांगा. सगळे एमसीबी खाली असतानाच ती पडत असेल, तर कुठेतरी न्यूट्रल अर्थला भिडलीय किंवा ईएलसीबीच खराब झालीय. तिथे तुमचं काम संपलं, वायरमनला बोलवा.

पिनटॉप काढल्यावर ईएलसीबी टिकली, तर स्विच बंद ठेवूनच पिनटॉप घाला. स्विच बंद असतानाच ती पडली तरी चकित होऊ नका. आपल्याकडचा साधा स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. कॉइलची न्यूट्रलकडची बाजू टाकीला भिडली असेल तर घरातला नुसता पंखा किंवा फ्रिज चालू असला तरी ईएलसीबी पडते. म्हणूनच पिनटॉप काढायला सांगितला. स्विच टाकल्यावर, लगेच किंवा दोन-तीन मिनिटांनी पडली तर कॉइल करंट टाकीत सोडतेय हे जवळपास नक्की. एकदा बघितलंत, पुरे. पुन्हा पुन्हा चढवून "बसतेय का" बघू नका. पिनटॉप काढा आणि त्यावर चिकटपट्टी लावून ठेवा, कारण घरात पाहुणे येणार आणि कोणीतरी काका सहज लावून बघणार.

वायरमन आला की त्याला टेस्टरवर निकाल द्यायला लावू नका. टेस्टर गळती मोजत नाही. मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र, घेऊन यायला सांगा. त्याने कॉइल आणि टाकीच्या मधला रोध बघायचा. तो मेगओहमच्या खाली गेला असेल तर कॉइल काढायची. ओल नुसती टोकाला असेल तर काही जण कॉइल काढून वाळवतात आणि ती पुढे चालतेही. मी स्वतः नवी टाकतो. गीझरच्या मानाने कॉइल स्वस्त असते, आणि गणपतीच्या चौथ्या दिवशी परत यायचं मला परवडत नाही.

त्याच फेरीत अर्थिंगही तपासून घ्या. आपल्याकडे जांभ्यात खणलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो, आणि खाऱ्या हवेने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार जोडावरच गंजून तुटते. वरून पांढरी दिसते, ओढली की हातात येते. अर्थिंग तुटलेलं असेल तर गळणाऱ्या करंटला जायला वाट नसते. तो टाकीवर वाट बघत बसतो आणि पहिला माणूस नळाला हात लावतो तेव्हा त्याच्यातून जातो. ईएलसीबी त्या क्षणी पडेल, पण झटका बसून झालेला असेल. म्हणून दोन्ही लागतात. नळाला हात लावल्यावर कधीही झिणझिण्या आल्या तर आंघोळ तिथेच सोडा आणि बाहेर येऊन मेन बंद करा.

ईएलसीबी टिकते पण पाणी तापत नाही, असं झालं तर? आधी थोडा धीर धरा. १५ लिटरच्या टाकीत २ किलोवॅटची कॉइल असते. पुरेसं व्होल्टेज असेल तर २५ अंशांचं पाणी ६० अंशांवर जायला १८-२० मिनिटं लागतात. पण गणपतीत वाडीतल्या प्रत्येक घरात पंप, मिक्सर, रोषणाई सुरू असते. २३० चं व्होल्टेज १९० वर आलं तर कॉइलची ताकद दोन तृतीयांशच उरते आणि वेळ दीडपट होतो. गीझर बिघडलेला नसतो. अर्धा-पाऊण तास होऊनही पाणी गारच असेल तर आतला कटआउट (पाणी अति तापलं की वीज तोडणारा) उडालेला असू शकतो. बऱ्याच गीझरमध्ये खालच्या झाकणाआड एक छोटं लाल बटण असतं. पिनटॉप काढून, झाकण उघडून ते दाबलं की 'टक' आवाज येतो. हे एकदाच. ते पुन्हा उडालं म्हणजे थर्मोस्टॅट (पाणी तापलं की कॉइल बंद करणारा) चिकटलाय आणि पाणी उकळीला जातंय. तेव्हा बटण दाबत राहणं म्हणजे शेजाऱ्याचाच सल्ला दुसऱ्या ठिकाणी पाळणं.

एक गोष्ट आवर्जून बघा. गीझरच्या थंड पाण्याच्या पाइपावर एक पितळी व्हॉल्व्ह असतो, त्याला बारीक नळी किंवा भोक असतं. पाणी तापताना त्यातून थेंब येतात, आले पाहिजेत. टाकीतला जादा दाब तिथून सुटतो. "सारखं टपटपतं" म्हणून त्यात काडी ठोकलेली किंवा वर एमसील लावलेलं मी पाहिलंय. तसं दिसलं तर व्हॉल्व्ह बदलल्याशिवाय गीझर सुरू करायचा नाही. फुटलेली टाकी भिंतीतून अँकर उपटून काढते.

आता गॅस गीझर. तो टकटक करतोय म्हणजे पाण्याचा दाब पोचतोय आणि सेलमध्ये निदान थोडा जीव आहे. तरी दोन्ही सेल नवे घाला. दमट हवेत जुन्यांच्या टोकाला पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरते आणि ठिणगी क्षीण होते. नळी बघा. पाच वर्षांची मुदत छापलेली असते, उंदरांना ती मुदत माहीत नसते. साबणाचं पाणी जोडांवर लावून बुडबुडे येतात का पाहा. काडी पेटवून कधीच नाही. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते. दोन-तीनदा नळ उघड-बंद करावा लागतो, पण दोन प्रयत्नांच्या मध्ये दोन-तीन मिनिटं थांबा, दारं-खिडक्या उघडून. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. आपल्या घरांचे उंबरे उंच, त्यामुळे तो न्हाणीघराच्या जमिनीलगत साचून राहतो. वास आला तर कुठलाही स्विच दाबू नका, चालूही नाही, बंदही नाही. रेग्युलेटर बंद, सगळे बाहेर, आणि बाहेरूनच १९०६ ला फोन.

तरीही पेटत नसेल तर बहुतेक कुंभारीण आहे. ही काळी-पिवळी माशी मातीची घरटी करते आणि तिला बर्नरची भोकं नि वरचं धुराड्याचं तोंड फार आवडतं. टॉर्च मारून बघा, वाळलेल्या चिखलाची बोटभर नळी दिसेल. बर्नर उघडून साफ करायचं काम मेकॅनिकचं. वरवरची माती काढली आणि गीझर पेटला, तर ते जास्त धोक्याचं आहे, कारण धुराडं आतून तुंबलेलं असताना ज्योत पिवळी जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. डोकं जड होतं, मळमळतं, आणि बंद न्हाणीघरात माणूस उठायच्या आत बेशुद्ध होतो. ज्योत निळी आणि एकसारखी हवी.

आणि स्पष्ट सांगतो, तुमचा गॅस गीझर मागच्या न्हाणीघराच्या आत आहे ही जागाच चुकीची आहे. तो बाहेर, पडवीत किंवा उघड्या भिंतीवर हवा, पाण्याचा पाइप तेवढा आत. ते होईपर्यंत तो वापरू नका. त्यातून कोणी वापरलाच तर बादली भरून गीझर बंद करायचा, मग आत जायचं, आणि आईने कडी लावायची नाही.

मधल्या दिवसांसाठी कोणीतरी रॉड आणेल. लहान मुलं आहेत, बादलीतला रॉड नको. माळ्यावर जुना तांब्याचा बंब असेल तर तो उतरवा. नारळाची सोडणं आणि झावळ्यांचे पिडे परसात हवे तेवढे असतील. त्यातही आधी पाणी, मग जाळ, नाहीतर जोडांचा डाख वितळून बंब गळायला लागतो. तोही उघड्यावर पेटवायचा, आत नाही.

मुंबईला परतताना गीझरचा पिनटॉप काढून ठेवा, टाकीतलं पाणी खालच्या पाइपाने उतरवा, गॅस गीझरचे सेल काढा, रेग्युलेटर सिलिंडरवरून उतरवा आणि धुराड्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. त्या जाळीवर 'काढून मग पेटवा' अशी चिठ्ठी दोऱ्याने बांधा. दिवाळीला घर उघडणारे तुम्हीच असाल असं नाही.