फ्लोटेशनच्या पहिल्या बॅचआधी

लातूरहून तांब्याच्या प्लांटवर चाललायस, छान! आपल्याकडं सगळा काळा दगड, धातुकं हाताळायची सवय कुठून असणार? मीही परभणीहून तसाच कोरा गेलो होतो. फ्लोटेशन म्हणजे दळलेलं धातुक पाण्यात कालवून त्यात हवेचे बुडबुडे सोडायचे; तांब्याचे कण बुडबुड्याला चिकटून फेसात वर येतात, बाकी दगड खाली राहतो. सुरुवातीला दोनच गोष्टी धर.

पहिली दळण. साधारण 10 ते 150 मायक्रॉनचा कण बुडबुड्यावर नीट बसतो. त्याहून जाड कण वजनानं सुटतो. फार बारीक असला तर बुडबुड्याला धडकतच नाही, पाण्यासोबत बाजूनं निसटतो. वर बारीक गाळ फेसात चढून माल घाण करतो. "अजून थोडं दळू" ही नवख्यांची ठरलेली चूक. माझी पहिली बॅच अशीच गेली, फेस नुसता करडा चिखल.

दुसरी, कण भिजतो की नाही. ताटलीतल्या पाण्यावर मिरपूड टाक, तरंगते. वाळू भिजून बुडते. झँथेट हे रसायन सल्फाइडच्या, म्हणजे गंधकवाल्या धातुकाच्या, कणाला तसंच पाणी नकोसं करतं, गारगोटी मात्र भिजलेलीच राहते.

बाकी एवढंच:
- रसायनाचं प्रमाण बदलण्याआधी चाळणी लावून दळण किती बारीक झालंय ते बघ.
- रिकव्हरी (धातुकातलं किती तांबं हाती आलं ते) कमी दिसली म्हणून झँथेट ओतू नको, पायराइट हे नको असलेलं लोखंडाचं सल्फाइडही वर येतं.
- झँथेट ताजं कालव. आम्लापासून लांब ठेव, विषारी वायू सुटतो.

चुना, डिप्रेसंट (नको ते कण वर येऊ न देणारं रसायन) वगैरे महिनाभरानं बोलू.