हळद शिजली, पण वाळली का?

फाल्गुन लागला की माझ्या फोनवर हळदीचे फोटो यायला लागतात. ताडपत्रीवर पिवळा ढीग, कडेला उभं कुणाचं तरी पोर, आणि खाली एकच वाक्य : "मॅडम, झाली का?" फोटोवरून हळद वाळली की नाही ते कळत नाही. मलाच काय, कुणालाच नाही. रिसोड, उमरखेड, मेहकर, समुद्रपूर, सगळीकडून तेच तेच विचारलं जातं. म्हणून यंदा एकदाच लिहून टाकते.

प्रश्न : माती वावरातच झटकली आहे. शिजवण्याआधी धुवायलाच पाहिजे का?

उत्तर : धुवा. राहिलेली माती सालीवर शिजून बसते, मग पॉलिशच्या फिरत्या ड्रमलाही निघत नाही.

प्रश्न : मजूर मिळत नाहीत. जेठे गड्डे (मधले जाड मूळ कंद) आणि हळकुंडं (त्यांना फुटलेली बोटं) एकाच काहिलीत टाकली तर चालतं का?

उत्तर : चालत नाही. गड्डा शिजेपर्यंत हळकुंडाचा गाळ होतो, आणि हळकुंडाकडे बघून जाळ काढला तर गड्डा आत कच्चा राहतो. जास्त शिजली की रंग बिघडतो, कमी शिजली की वाळल्यावर ठिसूळ होते. साध्या काहिलीत पाऊण ते एक तास लागतो. फेस वर येतो, पांढरी वाफ निघते, हळदीचा वास सुटतो. मग एक हळकुंड काढून त्यात आगपेटीची काडी टोचा. न अडता आरपार गेली की जाळ काढा. आणि काढणीनंतर दोन-तीन दिवसांत शिजवून मोकळे व्हा. काढताना बायका हाताने मोडणी करतातच, तिथेच दोन ढीग घातले तर वेगळा मजूर लागत नाही.

प्रश्न : आमच्याकडे शेणाच्या पाण्यात शिजवायची पद्धत होती. आता कुणी सांगतं की सोडा टाका, रंग खुलतो. काय टाकू?

उत्तर : पाणी टाका, स्वच्छ. शेणाचा जमाना गेला, खायच्या वस्तूत ते घालायचं कारण नाही. सोड्याचं म्हणाल तर हळदीत चुना मिसळला की ती लाल होते हे घरातल्या कुठल्याही आजीला माहीत आहे, हळदीचं कुंकू तसंच होतं. सोडाही चुन्यासारखा खारच, आणि खार लागला की पिवळा रंग तांबूस होतो. तुम्हाला कुंकू विकायचं आहे की हळद?

प्रश्न : भाड्याने वाफेचा कुकर येतो. तो बरा की काहील?

उत्तर : कुकर बरा. पाणी-जळण कमी लागतं, सगळा माल सारखा शिजतो. फक्त चालवणाऱ्याला पुढच्या गावाची घाई असते, म्हणून प्रत्येक घाण्यातून काडी टोचून तुम्ही स्वतः बघा. आणि वाफ सोडायचा व्हॉल्व्ह चालू आहे का, ते आधी विचारा. पोरं लांब ठेवा.

प्रश्न : शिजवून आठ दिवस झाले, वरून कडक वाजते. व्यापारी म्हणतो ड्रमला लावून टाका, राहिलेलं पोत्यात वाळेल. शेजारचे काका म्हणतात, हळद जंतुनाशक असते, तिला बुरशी काहून लागेल?

उत्तर : काकांना माझा नमस्कार सांगा आणि बुरा आलेली लोणच्याची बरणी दाखवा. त्यातही हळद असते, वरून मीठ असतं. जखमेवर हळद दाबतात ते वेगळं. पोत्यातलं हळकुंड म्हणजे बहुतांश पिष्ट, आणि ओलं पिष्ट बुरशीला शिळ्या भाकरीसारखंच.

आता हिशेब करू. जमिनीतून निघालेल्या हळदीत साधारण 80 टक्के पाणी असतं. म्हणजे 100 किलोत माल 20 किलो. ती 10 टक्के ओलाव्यावर आणायची, तर त्या 20 किलोंबरोबर सव्वादोन किलोच पाणी राहू शकतं. बाकीचं जवळजवळ 78 किलो उन्हाने ओढून न्यायचं आहे. याला 10 ते 15 दिवस लागतात, आणि ढगाळ हवा असेल तर त्याहून जास्त. हळकुंड बाहेरून आधी वाळतं, मधलं पाणी त्याच टणक झालेल्या सालीतून बाहेर यायचं असतं. म्हणून आठव्या दिवशी वरून वाजते आणि पोटात ओली असते.

फोडून बघा. ढिगाच्या कडेची, मधली आणि तळाची दहा-दहा काढा, त्यातही सगळ्यांत जाड घ्या. वाळलेलं हळकुंड न वाकता 'टक्' करून तुटतं, आवाज धातूसारखा येतो. ओलं आधी थोडं लवतं, मग तुटतं, आणि तुटल्या जागी मधोमध नख दाबलं की खूण उमटते. शंका असेल तर फोडलेले तुकडे कोरड्या काचेच्या बरणीत घालून, झाकण घट्ट लावून, दुपारभर उन्हात ठेवा. आतून दव धरलं तर ढीग परत पसरा. दव नाही धरलं म्हणजे पास झालात असं समजू नका. पोती शिवायच्या आधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना नेऊन ओलावा मोजून घ्या.

थर 5 ते 7 सेंटीमीटरचा, म्हणजे चार बोटांचा ठेवा. त्याहून पातळ पसरली तर वरचा रंग उडतो, जाड ठेवली तर खालची घामेजते. ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर वाळवा, डांबरी रस्त्यावर नको. रोज हलवा. रात्री गोळा करून झाका, दव दिवसाची मेहनत खातं. गड्डे वेगळे वाळवा, त्यांना जास्तीचे दिवस द्या. अवकाळी आली तर प्लास्टिक ढिगाला चिकटू देऊ नका, खाली बांबू आडवे टाका आणि पाऊस थांबला की लगेच उघडा. ड्रायर वापरत असाल तर हवा 60 अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

आणि ड्रम. पॉलिश केलेली ओली हळद वाळलेल्या हळदीइतकीच देखणी दिसते, हीच खरी अडचण. साल निघाली, चमक आली, की पुन्हा पसरायला कुणाचाच हात धजत नाही.

हे मी माझ्याच घरावरून सांगते आहे. नोकरीत होते, गावोगावी ओलाव्यावर बोलत होते, आणि सासरी दिराच्या लग्नाच्या घाईत नवव्या दिवशी हळद भरली. "चालतं हो," असं मीच म्हणाले होते. नागपंचमीला पोतं उघडलं. वरची ओंजळ ठणठणीत. कोपरापर्यंत हात घातला तर आत दमट, आणि हाताला बंद खोलीचा वास. एक गड्डा पाट्यावर फोडला, तर आत राखाडी कापूस. सहा पोती गेली. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, त्या वर्षी घरातली हळद दुकानातून आली.

असा माल पुसून, परत उन्हात टाकून किंवा दळून खायचा नाही, गुरांनाही घालायचा नाही. काही बुरशी अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते यकृताला मारक असतं, आणि बुरशी पुसली तरी जात नाही, फोडणीतही जात नाही. मसाल्यात त्याची मर्यादा किलोला 30 मायक्रोग्रॅम, इतकी कमी आहे की डोळ्यांनी आणि जिभेने काही ठरवता येत नाही. संशय असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या, तोवर पोतं बाजूला.

व्यापाऱ्याला घाई का, तेही सांगते. 10 टक्के ओलाव्याची क्विंटलभर हळद 15 टक्क्यांवर भरली तर काट्यावर 106 किलो भरते. तुम्हाला वाटतं सहा किलो पाणी विकलं. तो त्याच पाण्याच्या नावाने भाव पाडतो आणि त्याहून जास्त कापून घेतो.

प्रश्न : ड्रमवाला पॉलिश करताना चिमूटभर 'पिवळी' टाकतो. म्हणतो सगळेच टाकतात, रंग उठतो.

उत्तर : त्या पिवळीचं नाव विचारा, आणि पुडी बघायला मागा. शेवटी पाण्यात कालवलेली हळदीची पावडर मारतात, ती निराळी. पण चमकदार पिवळी रंगपूड असेल तर ती लेड क्रोमेट असू शकते, म्हणजे शिसं. बांगलादेशातल्या हळदीत शिसं कुठून येतं, याचा माग काढणारं संशोधन 2019 मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा बोट पॉलिश करतानाच्या याच पिवळीकडे गेलं. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर घाव घालतं. आपल्याकडे हळदीत शिशाची मर्यादा किलोला 10 मिलिग्रॅम आहे. घरी बघायचं तर अख्खं हळकुंड ग्लासभर पाण्यात टाका. लगेच पिवळा रंग सुटला तर वरून काहीतरी लावलंय. नाही सुटला तरी खात्री प्रयोगशाळेतच होते. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, करा. "सगळेच टाकतात" हे मला कुणी परत लिहू नका.

प्रश्न : बेण्याची हळदही शिजवून ठेवावी का, टिकेल?

उत्तर : शिजवलेलं उगवत नाही, भाऊ. बेणं कच्चंच, सावलीत, हवा खेळती ठेवून.

प्रश्न : मागच्या वर्षीच्या हळकुंडांना बारीक छिद्रं पडलीत, पिवळा भुसा पडतो. दुकानदाराने धुरीच्या गोळ्या दिल्या आहेत, पोती सपरीत (घराच्या ओसरीत) आहेत.

उत्तर : गोळ्या आत्ता घराबाहेर काढा. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळीला हवेतला ओलावा लागला की विषारी वायू सुटतो, आणि माणसं झोपतात तिथे तो जीव घेतो. ही धुरी प्रशिक्षित माणसाने, बंद गोदामातच द्यायची असते. तुमचा किडा बहुधा तंबाखूवरचाच भुंगा आहे, त्याला हळदही आवडते. नमुना तालुका कृषी कार्यालयात दाखवा, जास्त किडलेला माल वेगळा करा.

प्रश्न : वडिलांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. घरची शुद्ध हळद रोज दोन चमचे पाण्यातून देतो, चालेल ना?

उत्तर : भाजीतली हळद वेगळी, औषधासारखी चमच्याने दिलेली वेगळी. ती त्या गोळीच्या कामात ढवळाढवळ करू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मी हळद वाळवण्यातली माणूस, यापुढचं मला विचारू नका.

प्रश्न : माझं वावर बुलढाणा जिल्ह्यात. बेणं वायगावचं आहे. पाकिटावर 'वायगाव हळद' छापू का?

उत्तर : नाही. वायगाव वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात आहे, भौगोलिक मानांकन त्या भागाला मिळालेलं आहे, बेण्याला नाही. छापखान्याला आगाऊ पैसे दिले असतील तर आजच फोन करा.