वाचकांचे प्रश्न : हिल्व्हरसमचे घर आणि मुलुंडचे पैसे

प्रश्न : मी महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालो असून पत्नी शिक्षिका होती. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. मुलगा (वय ३६) आणि सून (वय ३३) सात वर्षांपासून ॲमस्टरडॅममध्ये भाड्याने राहतात. आता त्यांनी हिल्व्हरसम येथे १९३० च्या दशकातले, विटांचे, मागे मोठा ओक असलेले एक घर पसंत केले आहे. किंमत ५,४०,००० युरो. तिथली बँक पूर्ण कर्ज देते असे मुलगा म्हणतो आणि तरीही आमच्याकडे सुमारे ४० लाख रुपये मागतो, याचा मेळ मला लागत नाही. पैसे द्यायचे तर खरेदीखतात माझे नाव एक तृतीयांश हिश्श्याला घालावे, असा सल्ला माझ्या मेहुण्यांनी दिला आहे. आमची दुसरी, भाड्याने दिलेली एक खोली-स्वयंपाकघराची जागा त्यासाठी विकावी का? आणि इतके जुने, झाडाखालचे घर घेणे शहाणपणाचे आहे का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या पिढीतल्या काहींनी हिल्व्हरसम हे नाव जुन्या युरोपीय बनावटीच्या रेडिओच्या काचेवर, लंडन-पॅरिसच्या रांगेत वाचले असेल, डच नभोवाणीचे ते केंद्र. गाव मात्र वाढले ते आगगाडीमुळे. १८७४ मध्ये ॲमस्टरडॅमहून आमर्सफोर्टकडे जाणारा लोहमार्ग तिथून गेला आणि ॲमस्टरडॅमच्या सधन व्यापाऱ्यांनी हिल्व्हरसम, बुसम या भागात झाडीत बंगले बांधले. बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली नसती तर मुलुंडला आपण तरी कुठे असतो? तेव्हा मुलाने निवडलेली जागा आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

आता पैशांकडे वळू. डच बँक घराच्या मूल्याच्या शंभर टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते, हे आपल्या मुलाचे म्हणणे खरे आहे. अर्थात दोघांच्या उत्पन्नाला तेवढे कर्ज झेपले पाहिजे. परंतु हे शंभर टक्के स्वतंत्र मूल्यांककाने लावलेल्या किमतीवर मोजले जातात, खरेदीदाराने लावलेल्या बोलीवर नव्हे. या भागात मागितलेल्या किमतीपेक्षा वर बोली लावल्याशिवाय घर मिळत नाही, असा अनेकांचा अनुभव आहे. समजा बोली ५,४०,००० युरोंची लागली आणि मूल्यांककाने ५,१५,००० लिहिले, तर मधले २५,००० युरो खिशातूनच काढावे लागतात. शिवाय जाहिरातीत किमतीपुढे ‘के. के.’ ही दोन अक्षरे असतात. त्यांचा अर्थ हस्तांतरणाचा खर्च खरेदीदाराने सोसायचा, असा आहे. त्यात हस्तांतरण कर, नोटारिसचे (खत नोंदवणाऱ्या कायदेतज्ज्ञाचे) शुल्क आणि भूनोंदणी येते. मूल्यांकन, कर्ज सल्लागार आणि स्वतःचा दलाल यांचा खर्च वेगळा. कर सोडून हे सारे मिळून काही हजार युरो होतात आणि त्यासाठी कर्ज मिळत नाही. तेव्हा मुलाने मागितलेली रक्कम अवाजवी वाटत नाही.

हस्तांतरण कराचा हिशेब नीट मांडतो, कारण मेहुण्यांच्या सल्ल्याचे उत्तर त्यातच आहे. स्वतः राहण्यासाठी घर घेणाऱ्याला हा कर २ टक्के आहे. ज्याने वयाची ३५ वर्षे पूर्ण केलेली नाहीत आणि ज्याने ही सवलत आधी घेतलेली नाही, त्याला तो आयुष्यात एकदा पूर्ण माफ होतो. मात्र घराची किंमत ठरलेल्या मर्यादेत हवी, आणि २०२६ साली ती मर्यादा ५,५५,००० युरो आहे. सवलत प्रत्येक खरेदीदाराच्या हिश्श्यापुरती पाहिली जाते. म्हणजे दोघांनी निम्मे-निम्मे घेतले तर सुनेच्या हिश्श्यावर कर शून्य आणि मुलाच्या २,७०,००० वर २ टक्के, म्हणजे ५,४०० युरो. आता आपण एक तृतीयांश हिश्श्याचे मालक झालात असे धरा. आपण तिथे राहणार नाही, म्हणून आपल्या १,८०,००० युरोंवर गुंतवणूकदाराचा दर लागेल. हा दर २०२५ अखेरपर्यंत १०.४ टक्के होता आणि २०२६ पासून घरांसाठी ८ टक्के झाला आहे. आपल्या हिश्श्याचे १४,४०० आणि मुलाच्या हिश्श्याचे ३,६००, एकूण १८,००० युरो. केवळ कागदावर नाव लागण्यासाठी १२,६०० युरो जास्त भरायचे. त्यानंतर दरवर्षी तिथल्या प्राप्तिकरात आपल्या हिश्श्याचा विचार होईल, इथल्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागेल, आणि एवढे करून आपल्याला तिथे राहण्याचा कोणताही हक्क मिळणार नाही. मेहुण्यांच्या मनात आपली सुरक्षितताच असणार, याविषयी शंका नाही. पण माझे मत स्पष्ट आहे : नाव घालू नका.

पैसे बक्षीस म्हणून द्या. मुलाला दिलेल्या बक्षिसावर भारतात कर नाही. बक्षीस देणारा नेदरलँड्सचा रहिवासी असेल तर डच बक्षीस कर लागतो, आणि आपण तर मुलुंडचे रहिवासी आहात. बँक तिथे एक लेखी निवेदन मागेल की ही रक्कम परत करायची नाही. ते मोकळ्या मनाने लिहून द्या, कारण ‘उसने’ असा शब्द आला की ती रक्कम मुलाचे कर्ज म्हणून धरली जाते आणि त्याची कर्जपात्रता तेवढी घटते. सुनेच्या नावाविषयी आपण विचारले नाही, पण पत्राच्या ओळींमधून तो प्रश्न डोकावतो, म्हणून सांगतो : सुनेचे नाव असल्यानेच निम्मा कर वाचत आहे.

रक्कम पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. आपली रक्कम त्याच्या पुष्कळ आत आहे. अडचण आहे ती उगमस्थानी कर वसुलीची, जिला बँकेतले लोक ‘टीसीएस’ म्हणतात. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत ती लागत नाही, आणि त्यावरच्या रकमेवर, शिक्षण व वैद्यकीय उपचार वगळता, २० टक्के लागते. एकट्या आपल्या खात्यातून ४० लाख एकदम गेले तर ३० लाखांवर ६ लाख रुपये बँक कापून घेईल. ते आपल्या प्राप्तिकरात जमा धरले जातात किंवा विवरणपत्रानंतर परत मिळतात, पण तोवर अडकून राहतात. पत्नीचे स्वतःचे निवृत्तिवेतन आणि ठेवी असतीलच. तर दोघांनी आपापल्या खात्यातून प्रत्येकी १० लाख मार्चमध्ये आणि प्रत्येकी १० लाख एप्रिलमध्ये पाठवले, तर ४० लाख जाऊनही वसुली शून्य राहते. यात कोणतीही पळवाट नाही. मर्यादा व्यक्तीगणिक आणि आर्थिक वर्षागणिकच आहे. फक्त तिथल्या खरेदीच्या तारखांशी याचा मेळ आधी बसवून घ्या.

भाड्याची जागा विकू नये. विक्रीच्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर तो नफा भारतातल्याच घरात किंवा ठरावीक सरकारी रोख्यांत गुंतवावा लागतो. घर भारतातच हवे, हे २०१४ च्या अर्थसंकल्पानंतर कायद्यात स्पष्ट झाले आहे. हिल्व्हरसमच्या घरासाठी ती सवलत मिळणार नाही. जागा तारण ठेवून कर्ज काढून पैसे पाठवण्याचा विचारही करू नका. परदेशातल्या भांडवली व्यवहारासाठी इथल्या बँकांनी कर्ज देऊ नये, असा नियम आहे.

राहिला घराचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यांत आवडला. ॲमस्टरडॅमची जमीन पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची भुसभुशीत माती) आणि मऊ चिकणमातीची. डॅम चौकातला राजवाडा १३,६५९ लाकडी खांबांवर उभा आहे, हे तिथे शाळकरी मूलही सांगते. भूजल खाली गेले की लाकडाच्या माथ्याला हवा लागते, ते कुजते आणि घर खचू लागते. त्या शहरातली जुनी घरे घेताना पायाचा अहवाल हीच पहिली चिंता असते. हिल्व्हरसमचा परिसर मात्र हिमयुगात बर्फाने ढकललेल्या वाळूच्या उंचवट्यावर आहे. तिथे घरे बहुधा थेट वाळूवर उभी असतात. म्हणजे जुने असले तरी या घराला तो एक मोठा घोर कमी आहे.

बाकीच्या घोरांसाठी मुलाला एक सोपी गोष्ट करायला सांगा. घर पाहायला दलाल फार वेळ देत नाही आणि तेवढ्या वेळात सगळे जण स्वयंपाकघर न्याहाळत बसतात. त्याने आत शिरताच दारामागचे पायपुसणे उचलावे. बहुतेक जुन्या डच घरांत त्याखाली एक लाकडी झाकण असते आणि ते उघडले की जमिनीखालची, माणूस सरपटत जाईल एवढी पोकळी दिसते. तिथे ओल आहे का, कुबट वास येतो का, तुळयांची टोके काळी पडली आहेत का, वाळूवर पाणी साचल्याच्या खुणा आहेत का, हे विजेरीच्या उजेडात दोन मिनिटांत कळते. पाण्याच्या खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगण्याची गरज नाही. पोकळीची छायाचित्रे मागवून आपणच पाहा.

झाडाविषयीही थोडे सांगतो. माझ्या भाचीचे घर शेजारच्या बुसममध्ये आहे. एका नोव्हेंबरात तिच्याकडे असताना मी शिडीवर चढून पन्हळीतला पालापाचोळा स्वयंपाकघरातल्या चिमट्याने उपसत होतो. चार बादल्या निघाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पन्हळ पुन्हा भरलेली होती. ओकची सावली जूनमध्ये सुखाची, पण तीच कौलांवर शेवाळ आणते, आणि अनेक नगरपालिकांत मोठे झाड परवान्याशिवाय तोडता येत नाही, मग ते आपल्याच अंगणात का असेना. आपण घराची दिशा पाहतो तसे डच लोक बागेची दिशा पाहतात; दक्षिणेची बाग म्हणजे त्यांना लॉटरीच. याखेरीज घराचा ऊर्जेचा दर्जा, म्हणजे ते किती ऊर्जा खाते याची श्रेणी, कोणता आहे तेही पाहावे, आणि १९९३ पूर्वीच्या घरात ॲस्बेस्टॉस असू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

व्यवहाराच्या रीतीबद्दल आपण निश्चिंत असावे. तिथला नोटारिस म्हणजे आपल्या कोर्टाबाहेर छत्रीखाली शिक्का मारणारा नोटरी नव्हे. तो कायदेतज्ज्ञ असून दोन्ही बाजूंना बांधलेला तटस्थ अधिकारी असतो. पैसे त्याच्या स्वतंत्र खात्यात जमा होतात, ते कुठून आले याची तो चौकशी करतो, आणि मगच खत नोंदवले जाते. ‘थोडे रोखीत’ हा प्रकारच नाही. करारानंतर खरेदीदाराला तीन दिवसांची फेरविचाराची मुदत कायद्याने मिळते, विक्रेत्याला मिळत नाही. खरी जोखीम त्या तीन दिवसांनंतर सुरू होते. करारात बहुधा १० टक्के, म्हणजे इथे ५४,००० युरो, अनामत किंवा बँक हमी द्यावी लागते, आणि माघार घेतली तर तेवढाच दंड बसतो. यातून सोडवणारे मुख्य कलम असते : कर्ज न मिळाल्यास करार रद्द. बोली आकर्षक दिसावी म्हणून तरुण जोडपी हे कलम गाळतात. आपल्या मुलाला बाकी काही सांगितले नाही तरी चालेल, पण हे कलम गाळू नये, असे बजावून सांगा. त्यापायी हे घर हातचे गेले तरी हरकत नाही.

प्रश्न : माझी मुलगी नेदरलँड्समध्ये ‘फंडा’ या संकेतस्थळावर घरे पाहते. ८५ चौरस मीटर असे लिहिलेले असते, ते कार्पेट समजायचे की सुपर बिल्ट-अप? — एक वाचक, दादर

उत्तर : संकेतस्थळाचे नाव ऐकून मुंबईकराला हसू येणारच. तिथला आकडा राहण्यायोग्य क्षेत्राचा असतो आणि ठरलेल्या मोजणी-पद्धतीनुसार, बाहेरच्या भिंतींच्या आतून घेतलेला असतो. जिना, लॉबी, गच्ची यांचा वाटा त्यात मिसळलेला नसतो. बाल्कनी आणि बाहेरची साठवणाची खोली वेगळी दाखवतात. उतरत्या छताखाली जिथे उंची दीड मीटरपेक्षा कमी, तो भाग मोजतच नाहीत. तेव्हा ८५ चौरस मीटर म्हणजे सुमारे ९१५ चौरस फूट, आणि ते आपल्या महारेराच्या कार्पेटच्या बरेच जवळ जाणारे. सदनिका असेल तर मालक-संघाच्या दुरुस्ती निधीत किती रक्कम शिल्लक आहे, हे मुलीने आवर्जून विचारावे. सोसायटीचा सिंकिंग फंड रिकामा असला की काय होते, हे दादरच्या वाचकाला मी काय सांगावे!

प्रश्न : मुलाने तिथे घर घेतल्यावर आम्हा उभयतांना कायम त्याच्याकडे राहता येईल का? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : घराच्या मालकीचा निवास परवान्याशी संबंध नाही, ते मुलाचे असो वा तुमचे. पाहुणे म्हणून अल्प मुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. एप्रिलअखेरीस निघालात तर ट्युलिपही मिळतील आणि बोरिवलीचा उकाडाही चुकेल.