गुडघेदुखीची गोळी रोज घेतल्याने हृदयाला धोका असतो का?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय 68, बीपीची गोळी आणि अ‍ॅस्पिरिन चालू आहे, आणि गुडघ्यांच्या झिजेसाठी दिलेली एटोरिकॉक्सिब 90 त्या वर्षभर रोज घेताहेत.

धोका असतो, आणि आईंच्या बाबतीत तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. या गोळीच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा मोजके दिवस लिहिलेले असतात. पुढे चिठ्ठी येतच नाही, कापलेली स्ट्रिप काउंटरवर येते. ‘हीच द्या, हिनंच बरं वाटतं.’ वाटतंच बरं, म्हणून तर ती सुटत नाही.

ही ‘कॉक्सिब’ गटातली वेदनाशामक औषधं, जुन्या गोळ्यांसारखा पोटाला त्रास होऊ नये म्हणून काढली गेली. याच गटातली व्हायॉक्स 1999 मध्ये अमेरिकेत आली आणि धडाक्यात खपली. मोठ्या आतड्यातल्या गाठींवरच्या एका चाचणीत, दीड वर्षाच्या पुढे ती घेणाऱ्यांना हार्ट अटॅक आणि पक्षाघात जास्त होताना दिसले. 30 सप्टेंबर 2004 ला ती बनवणाऱ्या मर्क कंपनीने ती जगभरातून मागे घेतली. एटोरिकॉक्सिब तिच्याच गटातली. अमेरिकेत तिला मंजुरीच मिळाली नाही, आपल्याकडे सर्रास मिळते.

रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टासायक्लिन तयार होतं, ते रक्ताच्या गुठळ्या होऊ देत नाही. या गोळ्या नेमकं तेच कमी करतात. शिवाय मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात, त्यामुळे बीपी चढतं. संध्याकाळी आईंच्या नडगीवर बोट दाबून बघा. खड्डा पडून राहिला तर डॉक्टरांना सांगा.

युरोपातल्या माहितीपत्रकात गुडघ्याच्या झिजेसाठी रोजचा डोस 30, फार तर 60 मिलिग्रॅम आहे. बीपी 140/90 च्या वर राहत असेल, तर ही गोळी देऊच नये असंही त्यात आहे. म्हणून आधी बीपी मोजा, मग सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा. बीपीचे डॉक्टर आणि हाडांचे डॉक्टर वेगळे असतील, तर एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेलीच नसते. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असेल तर क्रिएटिनिनही (मूत्रपिंडांचं काम कळणारी रक्ततपासणी) तपासून घ्या.

‘मग जुनी डायक्लोफिनॅक बरी’ असं कुणी म्हणेल. हृदयविकार असलेल्यांना तीही देऊ नये, असं युरोपने 2013 मध्येच ठरवलं. आयब्युप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या कामात आडवी येते. गुडघ्यापुरतं डायक्लोफिनॅकचं जेल चोळलं तर रक्तात फार थोडं जातं. त्याबद्दल जरूर विचारा.

अ‍ॅस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नका. आणि छातीत दुखलं, धाप लागली किंवा बोलताना जीभ अडखळली तर सरळ हॉस्पिटल गाठा.