राइट टर्न देताना बायकोचा खांदा का ओढला जातो?

प्रश्न : ताई, गेल्या वर्षापासून मी आणि माझी बायको ऑन वन साल्सा (जोडीचा नाच, पहिल्या काउंटला सुरू होणारा) शिकतोय. बेसिक जमतं, क्रॉस बॉडी लीडही (तिला माझ्यासमोरून पलीकडे नेणं) बऱ्यापैकी होतं. पण राइट टर्न (हात वर धरून तिला उजवीकडे गिरकी) दिला की ती म्हणते, 'खांदा ओढतोस', आणि आठ काउंटमधल्या सातच्या काउंटला तिचा तोल जातो. क्लासमधल्या एका पार्टनरबरोबर मात्र हाच टर्न झकास होतो. माझा जोर कमी पडतोय की जास्त होतोय? आणि डबल टर्न कधी सुरू करू?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : बायकोचं म्हणणं खरं धरा, खांदा तिचा आहे. क्लासमधल्या पार्टनरला पुढे काय येणार ते पाठ असतं, हात वर गेला की ती आपणहून फिरते. बायको मात्र तुमच्या लीडची, म्हणजे इशाऱ्याची, खरोखर वाट बघते. म्हणून टर्न तिच्याकडूनच शिका.

मी लीड (नाच पुढे नेणारा) आणि फॉलो (त्याच्या इशाऱ्यावर नाचणारी) दोन्ही नाचते, आणि फॉलो करताना खांद्याला बसलेली ओढ बहुतेक वेळा समोरच्याच्या पायांतून आलेली असते. तुमचंही तेच असावं. पाचला तुमचा उजवा पाय मागे जातो. ते पाऊल ऐसपैस पडलं की तुमचं अख्खं अंग तिच्यापासून लांब जातं आणि वर धरलेला हात सोबत खेचला जातो. नेमकं त्याच क्षणी तिला स्वतःच्या पायांवर सरळ राहून वळायचं असतं. ती तुमच्याकडे झुकते, आणि तो झोक सातपर्यंत निस्तरत नाही. पाचचं पाऊल अगदी छोटं घ्या, जवळजवळ जागच्या जागी. आठवडाभर एवढंच करा, हाताचा विचारही नको.

फुगडीत दोघी एकमेकींच्या भारावर फिरतात, हात सुटले तर दोघी पडतात. इथे उलट आहे. तुम्ही मध्येच हात सोडलात तरी तिची गिरकी पूर्ण व्हायला हवी. क्लासमध्ये मी मुद्दाम हात सोडायला लावते. फॉलो भेलकांडली, तर लीडने तिला टेकू दिला होता किंवा ओढलं होतं. घरी करून बघा, पण तिला आधी सांगून.

आता हात. डावा हात तीननंतर, चारच्या थांब्यातच वर जायला हवा. पाचला उचललात तर तिला कळेपर्यंत तिचं पाऊल पडून गेलेलं असतं, मग उशीर भरून काढायला तुम्ही जोर लावता. हात तिच्या टाळूच्या जरासा वर, बरोबर मधोमध ठेवा. मोठं वर्तुळ काढू नका, हात जिकडे जाईल तिकडे ती कलते. अंगठा मिटू नका, तिची बोटं तुमच्या बोटांभोवती सहज फिरली पाहिजेत. आणि तिच्या पाठीवरचा उजवा हात वेळेत सोडा. एका हाताने 'वळ' आणि दुसऱ्याने 'थांब' सांगितलं तर तिने काय करायचं?

फरशीचंही बघा. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने लादी चिकट होते, त्यात रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज घातले की पाऊल अडकतं, अंग वळतं आणि सगळा पीळ गुडघ्याला बसतो. तिच्यासाठी स्वेडच्या (मऊ, लवदार चामड्याच्या) तळाचे डान्स शूज घ्या, पैसे वसूल होतात. लादीवर टाल्कम पावडर टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, घसरून मनगट मोडतं.

डबल टर्नची घाई नको. मध्यम वेगाच्या एका अख्ख्या गाण्यात तिचा प्रत्येक सिंगल टर्न सातला तिच्याच पायांवर संपू दे आणि आठला ती न हलता उभी राहू दे. तेही तीन-चार वेगवेगळ्या गाण्यांवर. मग तिला विचारा. ती 'हो' म्हणाली, तरच सुरू करा.