घरी पेटी-गाणं रेकॉर्ड करायचंय, फोटोही एडिट करायचेत. ३० हजारांत काय काय घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला गंगापूर रोडला फ्लॅट आहे, घरात ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, जुना डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली लेन्स आहे, पेटी वाजवत स्वतः गाता, आणि हाताशी ३० हजार आहेत. एकाच लॅपटॉपवर रेकॉर्डिंग आणि फोटोंचं एडिटिंग दोन्ही भागेल का, आणि पैसे घालायचे तर आधी कशावर?

भागेल. मी इंदिरानगरला राहतो, नोकरी अंबडला, आणि हे दोन्ही नाद एकाच लॅपटॉपवर चालवतो. पैशांच्या बाबतीत माझं धोरण सरळ आहे: जे नंतर दुरुस्त होत नाही त्यावर आधी खर्च करायचा. गाण्यात खोलीचा घुमारा मिसळला की तो पुरता निघत नाही. आवाज फाटला की फाटला. फोटोत आकाश पांढरंफटक झालं की त्यातले ढग परत येत नाहीत. हल्ली सॉफ्टवेअर नवे ढग चिकटवून देतं, पण ते त्या दिवशीचे नसतात. याउलट आवाज जरा बारीक आला, फोटो थोडा काळपट आला, तर ते घरी बसून नीट करता येतं. त्यामुळे सॉफ्टवेअरवर सध्या एक रुपयाही घालू नका.

तुम्ही माइकबद्दल पाच-सहा ओळी लिहिल्यात आणि खोलीबद्दल एकही नाही. सुरुवात मात्र तिथूनच होते, आणि ती फुकट आहे. हॉलमध्ये बसू नका. फरशी, उघड्या भिंती आणि सरकत्या काचा असल्या की आवाज घुमतोच. बेडरूममध्ये बसा. गादी असते, पडदा असतो, कपड्यांनी भरलेलं कपाट असतं, त्याचं दार सताड उघडं ठेवा. बरेच जण माइकच्या मागे गोधडी टांगतात. आपल्या उपयोगाचे माइक समोरचं जास्त ऐकतात आणि मागचं कमी, त्यामुळे पहिली गोधडी गाणाऱ्याच्या पाठीमागे हवी, कारण माइकचं तोंड तिकडे असतं. आणि माइकची पाठ खिडकीकडे करा. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचा उद्योग अजिबात करू नका. घुमारा त्याने जात नाही, आणि पेट घेणारी वस्तू भिंतभर लावून ठेवल्यासारखं होतं.

बाहेरचा आवाज ही वेगळी गोष्ट. गोधडी खोलीतला घुमारा कमी करते, बाहेरून येणारा आवाज अडवत नाही. गणपतीच्या आधी आपल्याकडे ढोल पथकांचा सराव सुरू झाला की तो ठोका भिंतीतून, जमिनीतून येतो आणि कुठल्याही जाड कापडाला जुमानत नाही. त्या दिवसांत रेकॉर्डिंग सकाळी लवकर उरकावं आणि संध्याकाळी फोटो घेऊन बसावं. पंखा बंद करायचा, हे सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये ती शिक्षाच असते.

आता सामान. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपला पोचवणारा डबा, घ्या तो दोन माइक लागतील असा. फोकसराइटच्या स्कार्लेट सोलोसारख्या यंत्रात माइकची जागा एकच असते. दुसरी गिटार किंवा कीबोर्डसाठी. आज तुम्ही एकटे गाता, उद्या कोणी तबल्यावर बसलं की अडेल. त्याच कंपनीचा २आय२ किंवा बेहरिंगरचा यूएमसी २०२एचडी यांत माइकच्या दोन जागा आहेत आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवरही, म्हणजे केबलमधून माइकला मिळणारी वीज, जी कंडेन्सर माइकला लागते. माइक कंडेन्सर घ्यायचा की डायनॅमिक? तुमच्या खोलीसाठी मी डायनॅमिक म्हणेन, शुअर एसएम ५७ किंवा ५८. एसएम ५८ तुम्ही गणपतीच्या मांडवात, कीर्तनात, सगळीकडे पाहिलाय. हे माइक जवळून वापरतात, त्यामुळे खोली आणि शेजाऱ्यांचा कुकर आपोआप मागे पडतो. कंडेन्सरमध्ये पेटीचे बारीक सूर जास्त उघडे येतात हे खरं, पण त्याच उघडेपणाने रिक्षाचा हॉर्नही येतो. पॉडकास्टवाल्यांच्या तोंडासमोर दिसतो तो एसएम ७बी डोक्यातून काढून टाका. त्याला साठ-एक डेसिबल गेन (आवाज चढवणं) लागतो आणि स्वस्त इंटरफेसची त्यात दमछाक होते. इंटरफेस, एक माइक, बंद कपांचा हेडफोन (ऑडिओ-टेक्निकाचा एम २०एक्स पुरे), स्टँड आणि चांगली केबल एवढं तुमच्या आकड्यात बसवता येतं. दुसरा माइक नंतर.

पेटीवर माइक कुठे ठेवायचा, हे कोणी नीट सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. पेटीला आवाज दोन: सुरांचा, आणि भात्याच्या फुसफुशीचा. भाता तुमच्यापासून पलीकडच्या बाजूला असतो. माइक पलीकडून, प्रेक्षकांच्या बाजूने लावला तर सुरांबरोबर हवाही रेकॉर्ड होते, आणि पट्ट्यांच्या अगदी जवळ नेला तर बोटांची टकटक. एका माइकवर गाणं आणि पेटी दोन्ही घ्यायचं असेल तर माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, हनुवटीच्या जरा खाली आणि किंचित बाजूला ठेवा. पेटी खालून आपोआप येतेच. ती दबून येत नाही, उलट डोक्यावर बसते. मग झाकण लावून वाजवा, एखादा स्टॉपर बंद करा, किंवा पेटी थोडी पुढे सरकवा. तोल अंतराने साधायचा, बटणाने नाही, कारण एका माइकवर आलेलं नंतर वेगळं होत नाही. दोन माइक आले की पेटीचा माइक वरून, तुमच्या बाजूने, दीडेक फुटावरून पट्ट्यांकडे झुकलेला ठेवा. गळ्याचा माइक तोंडापासून जितका लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये राहू द्या. नाहीतर एकच आवाज दोन माइकवर किंचित मागेपुढे पोचतो आणि दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले की गळा पोकळ लागतो.

तानपुरा अॅपवर लावत असाल तर तो हेडफोनमध्येच ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर लावला तर तो माइकमध्ये शिरतो आणि मग गाण्याचा एखादा तुकडा कापून पुढेमागे करता येत नाही, कारण मागचा तानपुरा तुटतो. आणि अॅप पेटीला मिळवून घ्या, पेटी अॅपला नाही. जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या हिशोबात बसतीलच असं नसतं. नुसतं 'काळी एक' निवडून भागत नाही, त्याखाली सूर किंचित वरखाली करणारा सेंटचा बारीक काटा असतो तो फिरवा. स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा आला तर गाताना जीव नकोसा होतो. त्यासाठी इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, ते चालू करा आणि सॉफ्टवेअरमधून येणारा स्वतःचा आवाज बंद करा.

पातळी किती ठेवायची याचं उत्तर रेकॉर्डिंगमध्ये आणि फोटोत एकच आहे, आणि दोन्ही छंद एकत्र असण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. इंटरफेस २४ बिटवर लावा. १६ बिटमध्ये कागदावर सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, २४ मध्ये १४४. एवढी जागा असताना काटा लाल होईपर्यंत गेन चढवायची गरजच नाही. सगळ्यात जोराची तान घेऊन बघा, ती उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहिली पाहिजे. शून्याला धडकली की तिथून वरचं सगळं सपाट कापलं जातं.

कॅमेऱ्यातही हेच. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने काटछाट न करता ठेवलेली मूळ फाइल) १६,३८४. काळाराम मंदिर घ्या. सरदार ओढेकरांनी पेशवाईत बांधलेलं, सगळा काळा दगड, आणि वर दुपारचं आकाश. चौकटीत दगड जास्त असला की कॅमेऱ्याचा मीटर त्या काळ्याला करडा समजतो आणि उजेड वाढवतो. दगड मळकट राखाडी दिसतो, आकाश उडतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे एकवर आणा, रॉमध्ये काढा, हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) उजवा कडा भिंतीला टेकत नाही ना ते बघा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो काळा दिसेल, दिसू द्या. घरी शॅडो उचलल्या की दगडावरचं कोरीवकाम वर येतं. रामकुंडावर संध्याकाळी मात्र हा हात राखून वापरा. तिथे मुळातच उजेड कमी, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढलेला असतो, आणि अंधार फार उचलला की रवाळपणा दिसतो. दिव्यांची ज्योत थोडी उडाली तर उडू द्या, चेहरे सांभाळा. दिव्यांचा पिवळेपणाही पुसून टाकू नका. व्हाइट बॅलन्स पूर्ण शुद्ध केला की आरती ट्यूबलाइटखाली झाल्यासारखी दिसते.

सॉफ्टवेअर: रेकॉर्डिंगला रीपर. ६० दिवस वापरून बघता येतं, नंतर घरगुती परवाना ६० डॉलरचा आहे. ऑडॅसिटी फुकट आहे आणि साध्या कामाला चांगलं आहे, पण विंडोजवर ऑडॅसिटीच्या बऱ्याच आवृत्त्यांत एएसआयओ (आवाज कमीत कमी उशिराने पोचवणारी ड्रायव्हरची पद्धत) मिळत नाही, त्यामुळे आधीच्या ट्रॅकवर गाताना वेळेचा घोळ होऊ शकतो. इंटरफेस कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाका; रेकॉर्ड करताना बफर (लहान असला की आवाज कमी उशिरा येतो) १२८, नंतर मिक्स करताना १०२४. फोटोला डार्कटेबल किंवा रॉथेरपी, दोन्ही फुकट. डार्कटेबल पहिल्या आठवड्यात डोकं खातं. गिम्प नंतरच्या बारीक कामाला. रॉ फाइल ते स्वतः उघडत नाही, डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडे पाठवतं.

लॅपटॉपच्या रॅमचं विचाराल तर गाण्याला ८ जीबी पुरतात, फोटोंना १६ बरे. सोय असेल तर वाढवून घ्या, पण यंदाच पाहिजे असं नाही. जागा फोटोच जास्त खातात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एक ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जातो, म्हणजे दोन ट्रॅकचा तासभर रियाज एक जीबी. नांदूरमधमेश्वरला थंडीत पक्ष्यांमागे एक सकाळ घालवलीत की त्याच्या कितीतरी पट भरतं. कॅमेऱ्यासोबत आलेल्या तुमच्या लेन्सने पक्षी ठिपक्याएवढे येतील, हे आधीच सांगून ठेवतो.

लॅपटॉपचा खरा कच्चा दुवा असतो स्क्रीन. स्वस्त लॅपटॉपच्या स्क्रीनवर निम्मे-पाऊण रंगच दिसतात, आणि मान जरा हलवली की उजेड बदलतो. नवा मॉनिटर सध्या बजेटमध्ये नाही, तेव्हा एवढं करा: रात्री पिवळा करणारा नाइट लाइट एडिटिंगच्या वेळी बंद ठेवा, ब्राइटनेस पूर्ण चढवू नका, आणि एकाच जागी, एकाच उजेडात बसा. लॅबमधून प्रिंट काळे येतात अशी ओरड असते, त्यात बहुतेक वेळा लॅबचा दोष नसतो. स्क्रीन भगभगीत असते, माणूस त्यावर फोटो 'बरोबर' करतो, आणि कागदाला स्वतःचा उजेड नसतो.

घुंऽऽ असा सतत आवाज आला तर घाबरू नका, तो विजेचा ५० हर्ट्झ आहे. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. गेला तर अर्थिंगचा प्रश्न आहे, वायरमनला दाखवा. अर्थिंगची पिन तोडून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग टाळाच.

शेवटचं पावसाळ्याचं. जून ते सप्टेंबर लेन्स आणि माइक दोन्ही हवाबंद डब्यात ठेवा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. ४० ते ५० टक्के असलं की झालं. चामड्याच्या जुन्या कॅमेरा बॅगेत लेन्स महिनोन् महिने ठेवली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. पेटी काही डब्यात मावणार नाही. तिच्यावर नुसतं प्लॅस्टिक घालू नका, आत दमटपणा कोंडतो. सुती खोळ घाला आणि रोज थोडी वाजवा.

लॅपटॉपचं मॉडेल, यूएसबीचे पोर्ट कुठले आहेत, आणि पेटीच्या कुठल्या पट्टीवरून (काळी किती) गाता हे खाली लिहा. इंटरफेसचं नक्की ठरवायला तेवढं लागेल.