चढाला काटा पडतो, चहानंतर परत येतो

प्रश्न : जांबोटीकडं आमची काजूची तीन एकर बाग आहे. गवत कापायला आणि शेणखताची ट्रॉली ओढायला जुना, बॅटरीवर चालणारा छोटा ट्रॅक्टर घेतला. सीटखाली १२ व्होल्टच्या चार लेड ॲसिड बॅटऱ्या आहेत. सकाळी काटा फुल्ल असतो, ट्रॉली घेऊन चढ लागला की लाल पट्ट्यात जातो. चहा पिऊन येईतो परत निम्म्यावर! परवा बागेच्या टोकाला बंद पडला आणि मुलानं आणि मी ढकलत आणला. काटा बदलू का? आणि एका बॅटरीला पाणी फार लागतं, ते का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : काटा बदलू नका. तो बिचारा आपलं काम करतोय, तुम्ही त्याला पेट्रोलचा काटा समजलाय एवढंच. या जुन्या यंत्रांत बहुतेक ठिकाणी तो साधा व्होल्टमीटर असतो. शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की घरातला बल्ब कसा मंदावतो? चढाला मोटर जास्त करंट ओढते, तेव्हा बॅटरीचंही तसंच होतं. काम थांबलं की व्होल्टेज वर येतं. म्हणून चालत्या गाडीवरचा आकडा चार्ज किती उरला ते सांगत नाही.

खरा आकडा हवा असेल तर गाडी दोन-तीन तास उभी राहू द्या आणि मल्टिमीटर लावा. चार्जर काढल्या काढल्या मोजू नका, तेव्हा व्होल्टेज फुगलेलं असतं. एका बॅटरीला १२.६५ म्हणजे भरलेली, १२.४५ म्हणजे पाऊण, १२.२५ च्या आसपास निम्मी, १२.०५ ला पाव. चौघींचे मिळून ५०.६ वरून ४९ वर आले की काम आवरा आणि चार्जिंगला लावा. रोज निम्म्याखाली गेलात तर प्लेटा लवकर बसतात.

पण नुसती बेरीज बघून फसू नका. शहापुरात मी तीस वर्षं बॅटऱ्या उघडतोय, आणि लोकांचा सगळ्यात जास्त पैसा इथंच गेलेला पाहिलाय. तीन बॅटऱ्या १२.६ आणि एक ११.९ असली तरी बेरीज ४९.७ येते, ठीकच दिसते. चढाला मात्र ती एक आधी बसते आणि बाकीच्या तिघींना घेऊन बसते. तेव्हा प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा, एकदा उभ्या गाडीवर आणि एकदा मुलाला ट्रॅक्टरनं ट्रॉली ओढायला सांगून. जी इतरांपेक्षा एकदम खाली जाईल, ती चोर.

त्याआधी टर्मिनल मात्र बघा. एकदा एका गिऱ्हाइकाला मी दोन नव्या बॅटऱ्या घालायला लावल्या आणि दोष निघाला वायरच्या टोकाच्या सैल लगमध्ये! पैसे परत दिले, पण लाज अजून वाटते. काम झाल्यावर बोट लावा. एखादा जोड बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो उघडून घासा.

ॲम्पिअर-तास, म्हणजे किती चार्ज वापरला ते मोजणारा मीटर बसवायचा असेल तर त्याचा शंट (करंट ज्यातून मोजतात ती पट्टी) निगेटिव्ह वायरवर, बॅटरीच्या अगदी जवळ बसवा, आणि हेडलाइटची निगेटिव्हसुद्धा शंटच्या पलीकडून, मोटरच्या बाजूनं घ्या. नाहीतर तो करंट मोजलाच जाणार नाही. दर फुल्ल चार्जला मीटर शंभर टक्क्यांवर आणा. १०० ॲम्पिअर-तासाची लेड बॅटरी तेवढं वीस तास हळू ओढलं तर देते, तासाभरात ओढलं तर निम्म्याच्या थोडं वर. ट्रॉलीच्या दिवशी मीटरवर थोडा कमीच विश्वास ठेवा. (उद्या लिथियम घातलीत तर मीटरशिवाय गत्यंतर नाही. तिचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं.)

आता ती तहानलेली बॅटरी. एक तर डबा कुठंतरी चिरलाय, नाहीतर आतल्या सहा सेलपैकी (कप्प्यांपैकी) एक शॉर्ट होऊन बाकीचे पाच जास्त चार्ज होतायत. फुल्ल चार्ज करून प्रत्येक सेलला हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावा. हातातली अंगठी आणि तोंडातली विडी आधी बाजूला, चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. भरलेल्या सेलला साधारण बाराशे साठ यायला हवं, निम्म्याला अकराशे नव्वद. बॅटऱ्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर असल्या तर भरलेल्याला बाराशे चाळीसच. जांबोटीच्या पावसाळी गारठ्यात ॲसिड सतरा अंशांवर असलं तर वाचनातून सात वजा करा. पाच सेल सारखे आणि एक पन्नासनं खाली निघाला, तर परवा तुम्हाला त्याच सेलनं ढकलायला लावलं. ती बॅटरी काढा, पण तीन जुन्यांत एकदम नवी घालू नका. तेवढ्याच वापराची, त्याच क्षमतेची बघा. पाणी फक्त डिस्टिल्ड, आणि तेही चार्ज झाल्यावर घालायचं. आधी घातलंत तर उतू जाऊन ट्रेला गंज चढेल.